वार काढायचा प्रोग्राम लिहिण्याआधी

अगं, वार काढायचा प्रोग्राम दिला म्हणून इतकी काय घाबरून राहिली तू? पायथॉनमध्ये एका ओळीत वार मिळतो, हे तुला ठाऊक आहे. तीच ओळ उतरवून जर्नल पूर्ण करायचं तुझ्या मनात आहे, तेही मला कळतंय. तसं नको करू. आधी एकदा वार कागदावर काढ, आणि तोही नागपूरला ठाऊक असलेल्या तारखेचा.

१४ ऑक्टोबर १९५६ घे. बाबासाहेबांनी दीक्षाभूमीवर बौद्ध धम्माची दीक्षा घेतली आणि लाखोंना दिली, तो दिवस. १९५६ ला चारने भाग, आलेले ४८९ त्यातच मिळव. शंभरने भागून आलेले १९ वजा कर, चारशेने भागून आलेले ४ मिळव. बाकी उरली तर सोडून दे. झाले २४३०. त्यात ऑक्टोबरचे ६ आणि तारखेचे १४ घातले की २४५०. आता सातने भाग. बाकी शून्य, आणि शून्य म्हणजे रविवार. विजयादशमीचा तो दिवस रविवारच होता.

महिन्यांचे आकडे जानेवारीपासून ओळीने असे: ०, ३, २, ५, ०, ३, ५, १, ४, ६, २, ४. ही रीत जपानच्या तोमोहिको साकामोतो यांच्या नावाने ओळखली जाते. नुसती पाठ करू नको गं. ३६५ दिवसांत बावन्न आठवडे बसून एक दिवस उरतो, म्हणून वार दरवर्षी एक घर पुढे जातो आणि लीप वर्षामुळे आणखी एक. शतकाचं वर्ष चारशेने भाग गेला तरच लीप. म्हणून २००० लीप होतं, १९०० नव्हतं.

खरी मेख जानेवारी-फेब्रुवारीत आहे. या दोन महिन्यांसाठी वर्षातून एक वजा करायचा. लीपचा जादा दिवस फेब्रुवारीच्या शेवटी येतो, त्याआधीच्या तारखांना तो मोजून कसं चालेल? तोंडी परीक्षेत हे विचारलं तर न अडखळता सांगता आलं पाहिजे. आणि पहा, इथली चूक ऑक्टोबरच्या तारखेवर कधीच दिसत नाही. एका तारखेचं उत्तर बरोबर आलं की प्रोग्राम बरोबर, असं समजणाऱ्या मुली इथेच फसतात.

तयार फंक्शन वापरशील तेव्हा आकड्यांचा अर्थ आधी पाहून घे. पायथॉनच्या ‘वीकडे’मध्ये सोमवार शून्य असतो आणि रविवार सहा. जावास्क्रिप्टमध्ये रविवार शून्य, शिवाय महिनेही शून्यापासून मोजतात, म्हणजे ऑक्टोबर नववा. दसऱ्याची तारीख मात्र यातलं काहीच सांगणार नाही. दसरा तिथीवर चालतो, त्यासाठी पंचांगाचं गणित लागतं, आणि तो वेगळाच अभ्यास आहे.

आता शेवटची तारीख देते: १ जानेवारी १८७७. जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल आपल्या नागपुरात सुरू झाली तो दिवस. महिना जानेवारी आणि साल १९०० च्या आधीचं, म्हणून तपासायला याहून चांगली तारीख नाही. उत्तर सोमवार आलं पाहिजे. मंगळवार आला तर वर्षातला एक वजा करायचा राहिला असं समज, ती ओळ दुरुस्त कर आणि मगच जर्नलमध्ये उतरव.