मनोविकारतज्ज्ञाचा व्यवसाय : दवाखान्यांत आणि न्यायालयांत

आमच्या वरठीचें रेल्वे-स्टेशन वेळापत्रकांत 'भंडारा रोड' या नांवानें छापलेलें असतें. येथून नागपूर सुमारें साठ किलोमीटर. त्या बाजूस जाणाऱ्या गाडीची वाट पाहणाऱ्यांत कोणी विद्यार्थी असतो, कोणी व्यापारी, कोणी कोर्टाच्या तारखेस निघालेला पक्षकार. क्वचित् एखादा बाप आपल्या तरुण मुलाचें मनगट घट्ट धरून बांकावर बसलेला दिसतो. कोठें निघालां असें विचारलें तर 'नागपूरला काम आहे' एवढेंच सांगतो. 'ह्याला आतां नागपूरला न्या' या वाक्याचा एक अर्थ आमच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या ठरून गेला आहे. कारण तेथील मनोरुग्णालय १८६४ सालापासूनचें, आणि ठाणें, येरवडा व रत्नागिरी येथील रुग्णालयांसह तें राज्यांतील चार मोठ्या सरकारी मनोरुग्णालयांपैकीं एक आहे.

परंतु आतां असा प्रत्येक रोगी मोठ्या रुग्णालयाच्या भिंतींआड जात नाहीं. पुष्कळांची गांठ खाजगी मनोविकारतज्ज्ञाशीं पडते. हा मनुष्य प्रथम साधा डॉक्टरच असतो. साडेपांच वर्षांचा एम.बी.बी.एस. चा अभ्यासक्रम संपवून पुढें तीन वर्षें मनोविकारशास्त्राचा विशेष अभ्यास केल्यावर त्याला एम.डी. ही पदवी मिळते. त्याच्याजवळ नाडी पाहण्याचें यंत्र असतें, पण खरें साधन म्हणजे प्रश्न विचारणें व उत्तर संपेपर्यंत गप्प बसणें. हें दुसरें काम पहिल्यापेक्षां अवघड आहे असें आम्हांस वाटतें.

रोगी एकटा क्वचितच येतो. आई, काका, वडील भाऊ बरोबर असतात आणि बोलतातही तेच. 'ह्याला बाहेरची बाधा झाली' असें समजून ते आधीं देवऋष्याकडे जाऊन आलेले असतात. सुज्ञ डॉक्टर त्यांना हंसत नाहीं. भूक, झोंप, कामधंदा, कानीं येणारे आवाज, मनांतील संशय यांची तो नोंद करितो, आणि नातेवाइकांचें ऐकून झाल्यावर रोग्याशीं एकांतांत बोलतो. पूर्वीं वैद्याच्या हातीं बंदोबस्ताखेरीज फारसें कांहीं नव्हतें. १९५२ सालीं क्लोरप्रोमाझिन हें औषध या रोगांवर वापरांत आलें, आणि साखळदंडाची जागा गोळीनें घेण्यास आरंभ झाला. पुष्कळ रोगी आज घरीं राहून, शेती-नोकरी सांभाळून औषध घेतात.

या व्यवसायाची दुसरी बाजू न्यायालयांत आहे. एखाद्या वृद्धानें मृत्युपत्र केलें तेव्हां त्याची बुद्धि ठिकाणावर होती काय? करारावर सही करणाऱ्यास त्याचा अर्थ कळत होता काय? विवाहविच्छेदाच्या दाव्यांत पत्नीस 'वेडी' म्हटलें आहे, तें खरें कीं केवळ सुटकेचा मार्ग? अशा वेळीं तज्ज्ञास साक्षीसाठीं बोलावितात. सर्वांत जड प्रश्न खुनाच्या खटल्यांत उभा राहतो. इंग्लंडांत १८४३ सालीं मॅक्नॉटन नांवाच्या इसमानें पंतप्रधान पील यांचे चिटणीस ड्रमंड यांस गोळी घातली व तो वेडाच्या कारणानें सुटला. त्यावर उठलेल्या वादांतून जे नियम ठरले, त्यांची छाया १८६० च्या भारतीय दंडविधानाच्या कलम ८४ वर पडली. १ जुलै २०२४ पासून तोच नियम भारतीय न्याय संहितेच्या कलम २२ मध्यें आहे. त्याचा आशय असा : कृत्य करितेवेळीं मनोविकृतीमुळें ज्याला त्या कृत्याचें स्वरूप, किंवा तें अयोग्य वा बेकायदा आहे हें कळत नव्हतें, त्याचा तो अपराध होत नाहीं.

येथें 'करितेवेळीं' हा शब्द ध्यानांत धरावा. डॉक्टर रोग जाणतो. कायदा एका क्षणाचा हिशेब मागतो. महिन्यानंतर तपासलेल्या मनुष्याचें त्या क्षणींचें मन डॉक्टरानें कसें सांगावें?

मुंबईचा रमण राघव याचा खटला या दृष्टीनें पाहण्यासारखा आहे. फुटपाथवर व झोंपड्यांत निजलेल्या अनेक गरिबांचे प्राण घेतल्याच्या आरोपावरून त्यास १९६८ सालीं पकडलें. १९६९ मध्यें पोलीस सर्जनकडे त्यास सुमारें चार आठवडे देखरेखीखालीं ठेविलें असतां तो वेडा नाहीं असा अभिप्राय आला. बचावाच्या बाजूनें आलेल्या तज्ज्ञानें मात्र त्यास जुनाट स्किझोफ्रेनिया असल्याचें सांगितलें. त्यास फांशीची शिक्षा झाली. ती कायम करण्यापूर्वीं उच्च न्यायालयानें तीन मनोविकारतज्ज्ञांचें मंडळ नेमविलें. मंडळानें पांच वेळां, प्रत्येक वेळीं सुमारें दोन तास, त्याच्याशीं संभाषण केलें. शेवटीं निरोप घेतांना डॉक्टरांनीं हात पुढें केला, तेव्हां आपण 'कानूना'चे प्रतिनिधि असून या दुष्ट जगांतील माणसांस शिवत नाहीं असें सांगून त्यानें हात घेतला नाहीं. त्याचा रोग असाध्य ठरला व फांशीऐवजीं जन्मठेप झाली. १९९५ सालीं तो पुण्याच्या ससून रुग्णालयांत वारला. एकाच मनुष्याविषयीं शिकलेल्या डॉक्टरांचीं मतें विरुद्ध पडलीं. यांत कोणी लबाडी केली असें समजण्याचें कारण नाहीं.

दुसरा खटला महाराष्ट्रांतीलच एका पोलीस शिपायाचा. १९९४ सालीं त्यानें वाटण्याच्या दगडानें आपल्या पत्नीस ठार मारिलें. त्यास जन्मठेप झाली व उच्च न्यायालयानेंही ती कायम ठेविली. २००२ सालीं सर्वोच्च न्यायालयानें मात्र त्यास निर्दोष ठरविलें. कारण काय? त्याच्या वडिलांसही मनोविकार होता. त्याच्यावर १९९२ पासून उपचार चालू होते. जून ते डिसेंबर १९९४ या काळांत त्यास २५ वेळां रुग्णालयांत नेल्याच्या नोंदी होत्या. दिवसाउजेडीं कृत्य करूनही तो लपला किंवा पळाला नाहीं. आमच्या मतें या निकालांत वकिलांच्या वक्तृत्वापेक्षां डॉक्टरी नोंदींचें वजन अधिक आहे. गर्दीच्या वेळीं घाईघाईनें खरडलेली एक ओळ आठ वर्षांनंतर दिल्लीस वाचली जाईल, हें लिहिणाऱ्याच्या स्वप्नींही नसतें.

येथें व्यवसायांतील खरी अडचण उभी राहते. दवाखान्यांत रोगी मन उघडें करितो तें गुप्ततेच्या भरंवशावर, आणि २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानें ती गुप्तता त्याचा हक्क मानिली आहे. परंतु न्यायालयानें आज्ञा केल्यास डॉक्टरास उत्तर द्यावें लागतें. वकिलासारखें अभय त्यास नाहीं. म्हणून न्यायालयाकरितां तपासणारा डॉक्टर आरंभींच रोग्यास सांगतो कीं, 'तुम्ही मला सांगाल तें मीं न्यायाधीशांस कळवीन.' जो उपचार करितो त्यानेंच शक्यतों तज्ज्ञ म्हणून साक्ष देऊं नये, हेंही आम्हांस योग्य वाटतें. एकाच माणसाचा कैवारी आणि पारखी होणें फार थोड्यांस साधतें. शिवाय त्याच कायद्याप्रमाणें केवळ मानसिक आजार आहे एवढ्यावरून कोणीही 'विकल मनाचा' ठरत नाहीं; तें ठरविणें न्यायालयाकडे आहे. गोळी घेणाऱ्या शेजाऱ्यास 'वेडा' म्हणून मोकळे होणाऱ्या आम्हां सर्वांस हें कलम ठाऊक असावें.

वेडाच्या कारणानें सुटलेला आरोपी लगेच घरीं जातो असें मात्र नाहीं. न्यायालय त्यास सुरक्षित ठिकाणीं ठेवण्याचा हुकूम करितें, किंवा एखाद्या आप्तानें जामीन देऊन नेण्याचा अर्ज केल्यास त्याच्या स्वाधीन करितें. तो मनुष्य आतां बरा आहे काय, याचा दाखला पुन्हां मनोविकारतज्ज्ञच देतो. दाखला तयार असतो. अर्ज करणारा आप्त यावा लागतो.