मुलाखत

उर्दूतील ‘मुलाकात’ हा शब्द तुमच्या ओळखीचा आहे. मराठीत तो ‘मुलाखत’ झाला. वर्तमानपत्रात पुढाऱ्यांच्या मुलाखती छापून येतात. नोकरीसाठीही मुलाखत द्यावी लागते. तुरुंगात मात्र या शब्दाचा जुना अर्थ टिकून आहे. कैद्याला भेटायला घरची माणसे येतात. त्या भेटीला तेथे मुलाखत म्हणतात.

आपल्या रत्नागिरी शहरातही कारागृह आहे. समजा, तुमच्या वर्गातील एक मुलगा अधूनमधून गैरहजर राहतो. विचारले, तर ‘ताप होता’ असे सांगतो. खरे म्हणजे तो अम्मीबरोबर अब्बांच्या मुलाखतीला गेलेला असतो. ते सांगायची त्याला लाज वाटते. वास्तविक त्याने काहीच केलेले नाही. अब्बांनी तरी गुन्हा केला आहे का, हे न्यायालयाने अजून ठरवलेले नसेल. २०२२ साली भारतातील तुरुंगांत दर चार कैद्यांपैकी सुमारे तिघांचे खटले निकालात निघाले नव्हते.

अशा मुलाला शाळेतील समुपदेशक आधार देतात. शाळेत समुपदेशक नसतील, तर विश्वासातले शिक्षक हे काम करतात. ते त्याला एकट्याला बोलावतात, पण खोदून खोदून विचारत नाहीत. तो सांगेल तेवढे ऐकतात आणि ते मनातच ठेवतात. बुडालेला अभ्यास भरून काढतात. घरात मिळवते माणूस नसेल, तर शासनाच्या बालसंगोपन योजनेचा अर्ज भरायला मदत करतात. आणि हो, अब्बांना पत्र लिहायला सांगतात.

पत्राला कमी लेखू नका. १९३० साली पंडित जवाहरलाल नेहरू नैनीच्या तुरुंगात होते. मुलगी इंदिरा हिचा तेरावा वाढदिवस आला. तुरुंगातून भेटवस्तू कोठून पाठवणार? त्यांनी तिला पत्र लिहिले. पुढे इंदिरा पुण्याच्या शाळेत आली. वडिलांच्या तुरुंगाच्या वाऱ्या चालूच होत्या आणि पत्रे लिहिणेही. १९३३ पर्यंतच्या या पत्रांतून जगाच्या इतिहासाचा एक मोठा ग्रंथ तयार झाला.

अर्थात नेहरू देशासाठी तुरुंगात गेले होते. इंदिरेला कोणापुढे मान खाली घालावी लागली नाही. तुमच्या वर्गमित्राचे तसे नाही. म्हणून त्याचे ओझे अधिक जड आहे.

उद्या तो शाळेत येईल. ‘काल कुठे होतास?’ असे सर्वांसमोर विचारू नका. कालच्या गणिताची तुमची वही त्याच्यापुढे ठेवा. मधल्या सुट्टीत त्याला कबड्डी खेळायला बोलवा. तुमच्या संघात एक गडी नेहमी कमीच पडतो.