लेसरने डोळ्याची शस्त्रक्रिया : प्रथमच पाहणाऱ्यांसाठी

बारावीनंतर काय करावे, हा प्रश्न आपल्या घरोघरी असतो. त्याचे एक उत्तर नेत्ररुग्णालयात आहे. १९७६ साली राष्ट्रीय अंधत्व नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला आणि डॉक्टरांच्या हाताखाली नेत्रचिकित्सा सहाय्यकांची गरज वाढली. बदनापूरहून जवळच, जालन्यात, श्री गणपती नेत्रालयासारखे मोठे रुग्णालय आहे. अशा ठिकाणी नोकरीस लागलेल्याला एक दिवस लेसरची शस्त्रक्रिया जवळून पाहण्याची संधी मिळते. त्या वेळी काय पाहावे आणि काय समजून घ्यावे, हे सांगण्यासाठी हा लेख आहे.

लेसरचा इतिहास

पहिला लेसर १९६० साली थिओडोर मेमन यांनी अमेरिकेत चालवून दाखविला. डोळ्याच्या कामी आलेला शोध त्यानंतरचा आहे. मद्रास विद्यापीठात शिकलेले रंगास्वामी श्रीनिवासन हे अमेरिकेतील आयबीएम कंपनीत संशोधक होते. १९८१ साली त्यांनी व त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी सणाच्या जेवणातून उरलेल्या टर्की पक्ष्याच्या मांसावर एक्सायमर लेसरचा प्रयोग केला. आजूबाजूचा भाग न भाजता अत्यंत रेखीव छेद पडला. पुढे स्टीफन ट्रोकेल या नेत्रतज्ज्ञाने हे तंत्र डोळ्यासाठी सुचविले. पारपटलावर पापुद्रा काढण्यासाठी आज जो अतिवेगवान लेसर वापरतात, त्यामागील संशोधनासाठी डोना स्ट्रिकलंड व जेरार्ड मुरू यांना २०१८ चे नोबेल मिळाले.

प्रत्यक्षात काय दिसते?

चष्म्याचा नंबर घालविण्याची लॅसिक ही शस्त्रक्रिया घेऊ. पहिले आश्चर्य म्हणजे रुग्ण जागा असतो. इंजेक्शनही नसते, केवळ बधिर करणारे थेंब असतात. पापण्या मिटू नयेत म्हणून लहानसा चिमटा लावतात. नंतर पारपटलाचा, म्हणजे डोळ्याच्या पुढील पारदर्शक काचेचा, पातळ पापुद्रा उचलतात. नवख्या माणसाला इथेच गरगरते. तसे झाल्यास न लाजता बाजूला होऊन बसावे.

मग रुग्णाला दिव्याच्या ठिपक्याकडे पाहावयास सांगतात. टकटक आवाज येतो, केस जळल्यासारखा वास येतो. तो वास भाजल्याचा नाही; १९३ नॅनोमीटर तरंगलांबीच्या अतिनील किरणांनी पेशीसमूहातील बंध तुटतात, त्याचा तो वास होय. पारपटल मध्यभागी सुमारे अर्धा मिलिमीटर जाड असते. किरणांच्या एका झोताने मिलिमीटरच्या हजाराव्या भागाचाही सुमारे चौथा हिस्सा निघतो. काम काही सेकंदांत संपते. पापुद्रा जागेवर बसवितात, टाका लागत नाही.

मात्र खरे काम त्याआधीच झालेले असते. पारपटलाची जाडी व आकार मोजणे, वय १८ च्या पुढे आहे ना, नंबर स्थिर आहे ना, हे पाहणे. पारपटल पातळ किंवा शंकूसारखे असेल तर ही शस्त्रक्रिया करीत नाहीत. यंत्र सुरू होण्यापूर्वी नाव, उजवा की डावा डोळा आणि नंबर पुन्हा ताडून पाहतात. आम्ही बँकेत सही जुळविल्याशिवाय रक्कम देत नाही. चुकून गेलेली रक्कम कदाचित परत येईल, पण पारपटलाचा निघालेला थर परत येत नाही. म्हणून कागद हाती असलेल्या सहाय्यकाला शंका आली, तर त्याने डॉक्टरांनाही थांबवून विचारावे.

गावाला काय सांगाल?

तुम्ही रुग्णालयात नोकरी करता म्हटल्यावर गावातील माणसे तुम्हालाच विचारतील. काउंटरवर पेन्शनचा कागद पुढे करून “साहेब, एवढं वाचून दाखवा” म्हणणारे वृद्ध मी नेहमी पाहतो. त्यांतील काहींना वाटते की, लेसर आले म्हणजे सर्व डोळे बरे होतात. त्यांना पुढील गोष्टी स्पष्ट सांगाव्यात.

१) मोतीबिंदू बहुतेक ठिकाणी ध्वनिलहरींनी फोडून काढतात व कृत्रिम भिंग बसवितात. काही ठिकाणी त्यातील थोडे टप्पे लेसरने करतात, एवढेच.

२) मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर काही महिन्यांनी वा वर्षांनी भिंगामागे जाळी आली, तर ती लेसरने थोड्या वेळात मोकळी करता येते.

३) मधुमेहामुळे दृष्टिपटल बिघडते. तेथे लेसर मुख्यतः पुढील नुकसान रोखते. गेलेली नजर सहसा परत आणीत नाही. काचबिंदूने गेलेली नजरही परत येत नाही. म्हणून दिसत असतानाच तपासणी करावी.

४) लॅसिकनेही चाळिशी टळत नाही. जवळचे वाचण्यास चष्मा लागू शकतो.

५) शस्त्रक्रियेनंतर डोळा चोळू नये, पाणी जाऊ देऊ नये, थेंब वेळेवर घालावेत. शेतातील धूळ व चुलीचा धूर टाळावा.

मोतीबिंदू झालेला माणूस वेळीच आला तर बहुधा पुन्हा वाचू लागतो; काचबिंदू झालेला उशिरा आला तर त्याचा अंधार कायमचा राहतो. आपल्या आजी-आजोबांना तपासणीस नेण्यासाठी कोणत्याही पदवीची गरज नाही. ते काम प्रत्येक विद्यार्थ्याने या सुट्टीत अवश्य करावे.