साखर सोडली, पण गोड सुटले का?

गेल्या महिन्यात एक निवृत्त गुरुजी तळपायाची जखम दाखवायला आले. काटा टोचून तीन आठवडे झाले तरी जखम भरत नव्हती. मधुमेह आठ वर्षांचा. जेवणानंतरची रक्तातील साखर २८६ निघाली. गुरुजी चक्रावले. म्हणाले, "डॉक्टर, तुम्ही सांगितल्यापासून साखरेला हात लावलेला नाही. चहा गुळाचा, सकाळी कोमट पाण्यात मध, बिस्किटेसुद्धा शुगर-फ्री!"

चूक माझीही होती. चिठ्ठीवर मी 'साखर बंद' एवढेच लिहिले होते. असा घोटाळा अनेक घरांत होतो, म्हणून आज हा विषय.

गूळ आणि मध : गूळ उसाचाच. त्यात थोडे लोह व क्षार असतात, पण बहुतांश भाग साखरेचाच. मधात ग्लुकोज आणि फ्रुक्टोज या दोन साखरा असतात. ब्राऊन शुगरचे पोषणमूल्यही पांढऱ्या साखरेइतकेच. रंग बदलला तरी रक्तातील साखर वाढायची ती वाढतेच.

पुड्यावरची अक्षरे : पुड्याच्या पुढच्या बाजूला 'शुगर-फ्री' ठळक अक्षरांत असते. खरी माहिती मागे, बारीक अक्षरांत असते. तेथे मैदा, स्टार्च, माल्टोडेक्स्ट्रिन असे शब्द दिसतील. या सर्वांचे पोटात गेल्यावर ग्लुकोजच होते. मुलांच्या दुधात घालायच्या पावडरींचेही तसेच. एप्रिल २०२४ मध्ये केंद्र सरकारने ऑनलाइन विक्रेत्यांना अशी पेये 'हेल्थ ड्रिंक' या नावाखाली विकू नयेत, असे बजावले.

गोड गोळ्या : सॅकरिनचा शोध १८७९ मध्ये लागला, ॲस्पार्टेमचा १९६५ मध्ये. ॲस्पार्टेम साखरेच्या सुमारे २०० पट गोड असल्याने चिमूटभरही पुरते आणि रक्तातील साखर वाढत नाही. २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने ते 'कदाचित कर्करोगकारक' या गटात टाकले, तेव्हा बरीच घबराट झाली. मात्र पुरावा मर्यादित होता आणि दररोजची मर्यादा वजनाच्या प्रतिकिलो ४० मिलिग्रॅम अशी कायम राहिली. चहातल्या दोन-चार गोळ्या त्या मर्यादेच्या जवळपासही जात नाहीत. फिनिलकिटोन्युरिया या दुर्मीळ आनुवंशिक विकारात मात्र ॲस्पार्टेम वर्ज्य.

त्याच वर्षी संघटनेने वजन कमी करण्यासाठी अशा गोळ्या वापरू नयेत, असाही सल्ला दिला. हा सल्ला मधुमेहींसाठी नव्हता. पण निरोगी माणसाने बारीक होण्यासाठी गोळ्यांमागे लागण्यात अर्थ नाही. गोळीचा चहा घेऊन वर दोन लाडू खाणारे रुग्ण मी रोज पाहतो!

मग करायचे काय?

१) निरोगी प्रौढाने वरून घातलेली साखर, गूळ व मध मिळून दिवसाला सुमारे २५ ग्रॅम, म्हणजे पाच-सहा लहान चमच्यांच्या आत ठेवणे उत्तम.

२) चहातील साखर दर आठवड्याला अर्धा चमचा कमी करा. महिन्याभरात जीभ रुळते.

३) पुडा आधी उलटा करा, मागची यादी वाचा आणि मगच पैसे द्या.

४) मधुमेहींनी गोडाबरोबरच भात, मैदा, साबुदाणा यांचाही हिशेब ठेवावा.

एक इशारा मात्र विसरू नका. इन्शुलिन किंवा मधुमेहाच्या गोळ्या घेणाऱ्याला अचानक घाम सुटला, हातपाय थरथरले, भोवळ आली तर रक्तातील साखर उतरलेली असू शकते. अशा वेळी शुगर-फ्री गोळीचा काही उपयोग नाही. रुग्ण शुद्धीवर असेल तर तीन चमचे खरी साखर पाण्यातून द्या. बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही न घालता ताबडतोब दवाखान्यात न्या.

गुरुजींचे औषध बदलले, गूळ, मध आणि बिस्किटे थांबवली, रोज ड्रेसिंग केले. जखम आता भरत आली आहे. आणि मी? चिठ्ठीवर आता 'साखर बंद' लिहीत नाही. 'साखर, गूळ, मध, बिस्किटे बंद' असे सविस्तर लिहितो.