सूतिका परिचर्या आणि दूरध्वनीवरील सल्ला

सुश्रुताचार्यांनी सूतिकाकाल दीड महिन्याचा सांगितला आहे. रुग्णालयातील प्रसूतीनंतर आशा कार्यकर्तीच्या गृहभेटीही ३, ७, १४, २१, २८ व ४२ व्या दिवशी होतात. धाराशिव जिल्ह्यात भूम, परंड्याच्या वाडीवस्तीवरील सूतिकेस दूरध्वनीवरून सल्ला देताना हेच दिवस धरावेत, असे आम्हांस वाटते.

आयुर्वेद वैद्यांसाठी दूरवैद्यकाच्या मार्गदर्शक सूचना २०२० मध्ये निघाल्या. संमती व नोंद त्यात आवश्यक आहे. परंतु दूरध्वनीवर स्पर्शन नाही, दर्शन अपुरे. त्रिविध परीक्षेपैकी प्रश्न तेवढा उरतो. तो नेमका हवा आणि पती वा सासूबाईंना नव्हे, सूतिकेलाच विचारावा.

तासाभरात पॅड पूर्ण भिजते काय? स्रावास दुर्गंधी आहे काय? ताप १००.४ अंश फॅरनहाइट वा अधिक आहे काय? तीव्र डोकेदुखी, डोळ्यांपुढे अंधारी, आकडी, धाप, एकाच पायास वेदनायुक्त सूज? एकही उत्तर होकारार्थी आल्यास औषध न सुचवता १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी. गर्भाशयातील जंतुसंसर्ग वा प्रसूतीनंतर वाढलेला रक्तदाब असताना दशमूलारिष्ट देऊन वाट पाहणे प्राणघातक ठरू शकते.

धोक्याचे लक्षण नसल्यास अग्नी, मलप्रवृत्ती, निद्रा व स्तन्य विचारून आहार-औषध ठरवावे. शस्त्रक्रियेने प्रसूती झाली असल्यास जखम प्रत्यक्ष तपासल्याविना उदरावर अभ्यंग वा पट्टबंधन सांगू नये.

औषधालय चालकांनीही दशमूलारिष्ट मागणाऱ्या नातेवाइकास प्रसूतीचा दिवस, ताप व रक्तस्राव यांविषयी अवश्य विचारावे.