अवधाण की कर्करोग?



ऊसतोडीत कोयता लागून पाय कापला की जांघेत अवधाण येते, हे आपणा सर्वांस ठाऊक आहे. ती सुजलेली लसिका ग्रंथी. तिच्यातल्या लिम्फोसाइट नावाच्या पांढऱ्या पेशी जंतूंशी लढण्यासाठी वाढतात. जखम भरली की पेशी कमी होतात, अवधाण बसते. ही वाढ कामाची.

पण कधी कधी या पेशी गरज नसताना वाढतच राहतात. अशा विकारांना डॉक्टर मंडळी 'लिम्फोप्रोलिफरेटिव्ह' विकार म्हणतात. उसातली गवताळ वाढ आठवा. फुटवे भरमसाट, ऊस मात्र नाही. तसेच येथे पेशी उदंड, पण कामाच्या थोड्या.

हे सगळेच विकार म्हणजे कर्करोग नव्हेत. मूत्रपिंड बदललेल्या रोग्यास प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे घ्यावी लागतात. त्याला अशी वाढ झाली, तर औषधाचे प्रमाण कमी केल्यावर ती कधी कधी ओसरते. मात्र एका डोळ्यापासून सारे शिवार भरावे, तशी एकाच बिघडलेल्या पेशीची पैदास बेबंद माजली की तो कर्करोग. ग्रंथीत झाला तर लिम्फोमा, अस्थिमज्जेत व रक्तात झाला तर रक्ताचा कर्करोग. त्यातही सावकाश चालणारे काही प्रकार वर्षानुवर्षे नुसत्या देखरेखीवर ठेवता येतात. थॉमस हॉजकिन यांनी १८३२ साली वर्णन केलेला लिम्फोमा तर आज बहुतेक रोग्यांत बरा होतो.

खरी अडचण ओळखण्यात आहे. मानेतली गाठ आपल्याकडे पुष्कळदा क्षयाची, म्हणजे गंडमाळेची असते. ताप, रात्रीचा घाम, वजन घटणे ही लक्षणे दोन्हींत दिसतात. नुसते चाचपून फरक कळत नाही; गाठीचा तुकडा काढून तपासावा लागतो. सुरी लागली की गाठ पसरते, हा समज निराधार आहे. तपासणीआधी स्टेरॉइडच्या गोळ्या मनाने घेऊ नयेत. गाठ तात्पुरती विरते आणि निदान हुकते.

न दुखणारी गाठ तीन-चार आठवड्यांत बसली नाही, किंवा वाढत गेली, तर कोल्हापूरच्या सी.पी.आर. रुग्णालयात दाखवावी. मुंबईचे टाटा रुग्णालय १९४१ पासून कर्करोग्यांच्या सेवेत आहे. त्याने आय.आय.टी. मुंबईच्या जोडीने तयार केलेल्या, रोग्याच्याच पेशींना लढायला शिकवणाऱ्या उपचारास २०२३ साली परवानगी मिळाली. उलटलेल्या काही लिम्फोमांवर तो चालतो.

आमचे सांगणे एवढेच : काणी दिसली की आपण ते बेट लगेच उपटतो, गळीत संपायची वाट पाहत नाही. मग गळ्यातली गाठच का "हंगाम संपू दे" म्हणून ठेवायची?