दाभोळ ते जयगड : शिडाची वाट शिकविताना

खारे वारे व मतलई वारे हा पाठ बहुधा फळ्यावरील दोन बाणांतच आटोपतो. दिवसा वारा समुद्राकडून येतो, रात्री जमिनीकडून जातो, एवढे तोंडपाठ झाले की धडा संपला. परंतु ज्या किनाऱ्यावर पिढ्यान्‌पिढ्या याच दोन वाऱ्यांवर पडाव आणि मचवे चालले, तेथील मुलांस हा विषय एखाद्या प्रवासातून शिकविणे अधिक सयुक्तिक होय.

वाशिष्ठीच्या मुखावरील दाभोळपासून शास्त्रीच्या मुखावरील जयगडपर्यंतचा समुद्रमार्ग ३० किलोमीटरांहून थोडा अधिक आहे. वाटेत डाव्या हातास अंजनवेल, गुहागर, वेळणेश्वर, हेदवी ही गावे लागतात. ती प्रथम नकाशावर दाखवावीत.

हिवाळ्यातील अष्टमीचा दिवस घ्यावा. रात्री जमीन लवकर निवते, पाणी ऊब धरून राहते. म्हणून पहाटे मतलई वाहत असतो. किनाऱ्यावरचा जुना ठोकताळा असा की, तिथीला पाऊणने गुणावे म्हणजे पूर्ण भरतीची वेळ निघते. आठ पाऊणे सहा. सहाला पाणी भरले, त्यानंतर ओहोटी लागली; तांडेल तिच्याबरोबरच गलबत बाहेर काढतो. खाडीच्या मुखावर वाळूची पट्टी असल्याने पाणी पुरेसे असतानाच ती ओलांडावी लागते. मतलईवर अर्धी वाट सरते. मग वारा पडतो, शीड लोंबते, खलाशी भाकरी सोडतात. दुपारी वायव्येकडून वारा सुटतो, तो दक्षिणेस निघालेल्या गलबताला मागून मिळतो. जयगडास पोहोचेपर्यंत भरती चढू लागलेली असते व तीच गलबतास खाडीत घेते.

आता हाच प्रवास पौर्णिमेस करावयास सांगावे. पंधरा पाऊणे सव्वाअकरा. म्हणजे पहाटे पाचच्या सुमारास पूर्ण ओहोटी. मतलई असूनही मुखावर पाणी नाही. पुढे भरती आत रेटते, आणि ती भरेपर्यंत मतलई संपतो. अशा दिवशी मध्यरात्रीनंतर, ओहोटी नुकती लागली असतानाच, निघावे लागे. हा उलगडा मुलांनी स्वतः करावा. शिक्षकांनी घाई करू नये.

परतीचा प्रश्न अवश्य विचारावा. अंतर तेच, परंतु दुपारचा वायव्य वारा आता समोरून येतो. नागमोडी वाट धरावी, नाही तर नांगर टाकून रात्रीच्या मतलईची वाट पाहावी. अंकगणितातील वेग व अंतराच्या उदाहरणात जाण्यायेण्याचा वेळ सारखा धरतात. खारवी किंवा दालदी घरातील मूल तेथे अडले, तर ते गणितात कच्चे आहे असे लगेच ठरवू नये. त्याच्या घरी आता यंत्राची होडी असली, तरी मुखावरील पाण्याचा अंदाज त्याच्या आजोबांइतकाच त्याच्या वडिलांनाही घ्यावा लागतो.

ठोकताळ्यातील चूकही मुलांकडूनच काढवावी. पंधरा तिथींत भरती सुमारे १२ तास पुढे सरकते. म्हणजे एका तिथीस ४५ नव्हे, ४८ मिनिटे. प्रतिपदेस ३ मिनिटांचा फरक कोणास जाणवत नाही. पौर्णिमेस तो पाऊण तास होतो. गावाजवळ खाडी असल्यास धक्क्यावर खुणेची काठी रोवून पंधरवडाभर पाण्याची नोंद ठेवावी आणि ती छापील कोष्टकाशी ताडून पाहावी. काठीजवळ मुलांनी एकटे जाऊ नये, विशेषतः उधाणाच्या दिवसांत.